औषध बाधलं, तर सांगायचं कुणाला?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची त्वचारोग ओपीडी. डॉक्टरांनी पाहिलेल्या एका मावशींना शेजारच्या टेबलाशी पाठवलं जातं. तिथे बसलेली तरुणी फार्माकोव्हिजिलन्स असोसिएट आहे, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी. मावशींच्या ओठावर आणि मनगटावर गोल, काळपट-लाल डाग आहेत.

"मावशी, हे पहिल्यांदाच आलं का?"

"नाही गं बाई. पाडव्याच्या सुमारास इथंच आलं होतं. काळं राहिलं ते राहिलंच. आता परत आग आग होतीय."

"तेव्हा काही औषध घेतलं होतं?"

"औषध कुठलं? जुलाब लागले होते, तेवढी मेडिकलमधनं गोळी आणली."

आणि या वेळी? या वेळीही जुलाबच. पिशवीतून पट्टीचा कापलेला तुकडा निघतो. त्यावर दोन गोळ्यांची रिकामी घरं आहेत, पण नाव आणि बॅच नंबर दुकानातल्या उरलेल्या पट्टीवर राहिलेत. मुलाला फोन जातो, तो दुकानात जाऊन पट्टीचा फोटो पाठवतो. नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल यांची एकत्र गोळी. एखादं औषध पोटात गेलं की दर वेळी त्याच जागी डाग उठणं, याला त्वचारोगतज्ज्ञ फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात.

मग फॉर्म भरला जातो. रुग्णाचं पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं. वय, काय झालं, कधी सुरू झालं, कोणत्या औषधाचा संशय, कळवणारा कोण. 'कधी' या रकान्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. मावशी तारीख सांगत नाहीत, बाजाराचा वार सांगतात. गोळी बाजारादिवशी रात्री घेतली, आग पहाटे सुरू झाली. असोसिएट कॅलेंडर उलटून तारीख काढते. गोळी आधी की डाग आधी, यावरच पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. औषध थांबवल्यावर त्रास ओसरला का, पुन्हा घेतल्यावर उलटला का, हे तपासून डॉक्टरांची समिती संशय कितपत पक्का आहे ते ठरवते.

तिथून नोंद गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जाते. देशाचा औषधसुरक्षा देखरेख कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला आणि 2011 पासून तो तिथून चालतो. पुढे स्वीडनमधल्या उपसाला इथल्या जागतिक साठ्यातही ती नोंद जमा होते. नवं औषध बाजारात येण्याआधी काही हजार माणसांवरच तपासलेलं असतं. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास तिथे दिसेलच असं नाही. तो अशा विखुरलेल्या नोंदींतून उमगतो. मासिक पाळीच्या वेदनांवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस सिंड्रोम ही गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा कमिशनने नोव्हेंबर 2023 मध्ये दिला, तो या नोंदींच्या आधारेच.

तालुक्याचे डॉक्टर मात्र कळवायला कचरतात. त्यांच्या बैठकीत असोसिएट फॉर्म वाटते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "उद्या हे आमच्यावरच शेकलं तर?" ती फॉर्मवरचा मजकूर वाचून दाखवते. माहिती गोपनीय राहते आणि कळवल्यामुळे कळवणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही. भीती एका बैठकीत जात नाही. पण नंतर एखाद्या डॉक्टरचा फोन येतो, "एक पेशंट पाठवतोय, जरा बघता का?" असा.

रुग्णालाही स्वतः कळवता येतं. त्यासाठीचा वेगळा फॉर्म मराठीत आहे आणि 1800-180-3024 हा मोफत क्रमांकही आहे. औषधानेच झालंय याची खात्री असायला हवी असं नाही, संशय पुरेसा आहे. पट्टीचा नाव असलेला भाग जपावा, तारीख लिहून ठेवावी.

मावशींना औषधाचं नाव लिहिलेला कागद मिळतो. कुठल्याही डॉक्टरला, दुकानदाराला आधी तो दाखवायचा. पण हे सारं घडलं ते त्या जिल्ह्याच्या गावी आल्या म्हणून. "औषध कुठलं?" या उत्तरावर न थांबणारं माणूस ग्रामीण रुग्णालयातही हवं. पाडव्यालाच कुणी विचारलं असतं, तर मावशींना हा त्रास दुसऱ्यांदा भोगावा लागला नसता.