तार गेली, कट्ट-कडकट्ट राहिली

साक्री : १४ जुलै २०१३ च्या रात्री देशभरातील तार कार्यालयांनी अखेरच्या तारा स्वीकारल्या आणि ही सेवा कायमची बंद झाली. खरे तर तारमास्तरांच्या टेबलावरची कट्ट-कडकट्ट त्याच्या कितीतरी आधी थांबली होती. टेलिप्रिंटरने आणि मागाहून संगणकाने तिची जागा घेतली होती. त्यामुळे मोर्स लिपी आता संग्रहालयातच पाहावयास मिळेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणून ओळखले जाते, ते ही लिपी आजही नित्य वापरतात.

याला केवळ जुन्याचा सोस म्हणून मोडीत काढता येणार नाही. माणसाचा आवाज रेडिओलहरींवरून न्यायचा तर सुमारे अडीच ते तीन हजार हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. मोर्सला शे-दोनशे हर्ट्झ पुरतात. तेवढीच शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटल्याने क्षीण संदेशही दूरवर ओळखू येतो. २००१ चा भुजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या दोन्ही प्रसंगी नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडल्यावर हॅम मंडळींचे संच उपयोगी पडले, ते बरेचसे आवाजी संभाषणातून. परंतु बॅटरी उतरत आलेली असताना आणि आवाज पोहोचत नसताना हाताशी उरते ती मोर्सच.

२००३ साली झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली. अमेरिकेने २००७ मध्ये आपली परीक्षा रद्द केली. भारतात मात्र जनरल श्रेणीसाठी ती पुढेही राहिली. पूर्वीची बारा शब्दांची अट उतरून मिनिटाला आठ शब्दांवर आली, एवढाच फरक. संदेश ऐकून उतरवणे आणि किल्लीवर पाठवणे, असे तिचे दोन भाग.

आता साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने ही विद्या कोणापाशी शिकायची? जुने तारमास्तर उरले नाहीत. हॅम क्लब मोठ्या शहरांत. मुंबई येथून तीनशे किलोमीटरांच्या आसपास. ही उणीव संगणकाने पुष्कळ अंशी भरून काढली आहे, आणि सरावात हवेत काहीच प्रक्षेपित होत नसल्याने परवान्याचाही प्रश्न येत नाही.

पहिली पायरी अक्षरओळखीची. येथेच बहुतेकांची फसगत होते. ठिपका आणि रेघ यांचा तक्ता समोर घेऊन पाठांतर सुरू केले की कान मोजू लागतो: तीन लहान, एक लांब, म्हणजे ‘व्ही’. वेग वाढला की मोजणी तुटते आणि शिकणारा दहा शब्दांच्या आसपास अडकून पडतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांनी १९३० च्या दशकात यावर तोड सुचवली. पहिल्या दिवसापासून अक्षरे पूर्ण वेगाने, पण दोनच ऐकायची. शंभरातील नव्वद अचूक आली की तिसरे घ्यायचे. अक्षर मोजायचे नाही, तबल्याच्या बोलासारखे ओळखायचे. ‘धा’मध्ये कोणते बोट कुठे पडले याचा हिशेब कोणी करीत बसत नाही. ‘जी४एफओएन’ ही विनामूल्य प्रणाली किंवा ‘एलसीडब्ल्यूओ’ हे संकेतस्थळ याच पद्धतीने शिकवते.

दुसरी पायरी अधिक मौजेची. कॅनडातील अ‍ॅलेक्स शोव्कोप्ल्यास यांनी तयार केलेला ‘मोर्स रनर’ हा विनामूल्य प्रोग्रॅम संगणकात रेडिओ स्पर्धेचे वातावरणच उभे करतो. आपण एक कळ दाबून साद घालायची, की चारी दिशांनी स्थानके एकाच वेळी उत्तरे देऊ लागतात. त्या गलक्यातून एकाचे संकेतनाम टिपायचे, टंकायचे, त्याचा क्रमांक घ्यायचा, आभार मानून पुढच्याकडे वळायचे. नऊ या आकड्याच्या पाच खुणांऐवजी ‘एन’च्या दोनच पाठवण्याची स्पर्धकांची काटकसरही त्यात आहे, त्यामुळे ‘५९९’ हे ‘५एनएन’ असे ऐकू येते.

शिवाय अडथळे हवे तसे वाढवता येतात. ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसऱ्या स्थानकाची लुडबुड, ‘क्यूएसबी’ म्हणजे संदेशाची भरती-ओहोटी. ‘क्यूआरएन’ म्हणजे वातावरणातील करकर. वळवाच्या दिवसांत मध्यम लहरींवर जळगाव आकाशवाणी ऐकलेल्यांना ती समजावून सांगायला नको. ‘लिड’ नावाची एक खूण केली की काही स्थानके मुद्दाम गबाळेपणा करतात. (रस्त्यावर वाहन शिकवणाऱ्यांनीही ही सोय ठेवावी!)

प्रस्तुत वार्ताहराने पंधरा दिवस रोज अर्धा तास हा उद्योग करून पाहिला. पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटांत तीन संकेतनामे हाती लागली, त्यांतील दोन चुकीची. सर्व अडथळे बंद ठेवूनही ही अवस्था. पंधराव्या दिवशी गती फारशी वाढली नव्हती, पण एक बदल जाणवला. भारताचे ‘व्हीयू’ गर्दीतून आले की ते मोजावे लागत नव्हते; ओळखीच्या माणसाच्या हाकेसारखे ते आपोआप कानात शिरत होते.

मात्र या मार्गाने जाणाऱ्या परीक्षार्थींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, वेगवान अक्षरांना सरावलेल्या कानाला आठ शब्दांच्या वेगाने ताणलेली अक्षरे परकी वाटतात. वीस शब्दांच्या वेगात ठिपका ६० मिलिसेकंदांचा असतो, आठच्या वेगात तो १५० चा होतो. अखेरचे दोन आठवडे सरावाची प्रणाली त्या मंद चालीवर लावलेली बरी.

दुसरी बाब अधिक गंभीर. ‘मोर्स रनर’मध्ये आपण टंकतो आणि मोर्स संगणक वाजवतो, किल्लीला आपला हात लागतच नाही. परीक्षेत तर हातच पाहिला जातो. रेघ ठिपक्याच्या तिप्पट, दोन अक्षरांमधील विसावा तीन ठिपक्यांचा, दोन शब्दांमधील सातांचा, हे प्रमाण मनगटात उतरावे लागते. त्यासाठी ‘५५५’ आयसीचा छोटा ध्वनिसंच आणि साधी किल्ली घरी जुळवता येते. गुरू नसेल तर आपले पाठवणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, दोन दिवस बाजूला ठेवावे आणि मग कागद-पेन्सिल घेऊन ते परक्याचे समजून उतरवायला बसावे. वार्ताहराला स्वतःच्याच बारा शब्दांपैकी सात वाचता आले.