इन्सुलिन कोठे तयार व्हावे?

पाव फुगविणाऱ्या यीस्टचे पिकिया नावाचे एक दूरचे भावंड आहे. बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने या सूक्ष्म जीवाच्या ठायी मानवी इन्सुलिनचे जनुक बसविले, मोठमोठ्या टाक्यांतून त्याची वाढ केली आणि २००४ साली त्यापासून मिळविलेले इन्सुलिन भारताच्या बाजारात आणले. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून हे द्रव्य वेगळे केले. त्यानंतर सहा दशके मधुमेही माणूस गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांवर जगत होता. १९७८ साली अमेरिकेत जनुकाच्या साहाय्याने जीवाणूकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्यात आले आणि कत्तलखान्याचे काम कारखान्याकडे आले.

मग प्रश्न सुटला काय? इन्सुलिन हवे तितके तयार करता येते, हे खरे. परंतु सुईने टोचलेले इन्सुलिन आंधळे असते. रोग्याने जेवण चुकविले, जिना चढला, तापाने अंथरूण धरले, यांपैकी कशाचीच त्याला वार्ता नसते. ते टोचल्याप्रमाणे काम करते. कमी पडले तर साखर चढते. अधिक झाले तर ती इतकी उतरते की माणूस बेशुद्ध व्हावा.

निसर्गाने हे काम ज्यांच्याकडे सोपविले आहे त्या बीटा पेशी डोळस असतात. स्वादुपिंडात सुमारे दहा लाख पेशीपुंज विखुरलेले आहेत. जर्मन शास्त्रज्ञ लँगरहान्स याने १८६९ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. या बेटांतील बीटा पेशीत रक्तातील साखर शिरते आणि जळते. त्या ज्वलनातून निर्माण झालेल्या ऊर्जेच्या मापाने पेशीच्या आवरणातील सूक्ष्म दारे मिटतात व उघडतात, आणि तेवढ्याच बेताने साठविलेले इन्सुलिन बाहेर पडते. मोजणारा आणि देणारा येथे एकच आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, जो पुष्कळदा कोवळ्या वयात जडतो, शरीराचे रक्षक-दलच या पेशींचा संहार करते. दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि पेशी हळूहळू थकत जातात. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आला. त्यांतील बहुसंख्य दुसऱ्या प्रकारचे.

तेव्हा इन्सुलिन तयार करण्यापेक्षा ते तयार करणारी पेशीच पुन्हा घडवावी, हा विचार ओघानेच येतो. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात. कोणती जागी आणि कोणती निद्रिस्त, यावर ती यकृताची होणार की स्वादुपिंडाची, हे ठरते. २००० साली इस्रायलमधील संशोधकांनी असे एक जागविणारे जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून उंदराच्या यकृतात धाडले, तेव्हा यकृतातच इन्सुलिन बनू लागले. २००८ साली अमेरिकेत तीन जनुकांच्या योगाने पाचकरस स्रवणाऱ्या पेशींना बीटा पेशींचे रूप आले. २०१८ साली पिट्सबर्ग येथे दोन जनुकांनी शेजारच्या अल्फा पेशींचे रूपांतर घडविले आणि मधुमेही उंदरांची साखर सुमारे चार महिने ताळ्यावर राहिली. पुढे रोग उलटला.

महाराष्ट्रातही या दिशेने दीर्घ काळ काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीतील व नाळेतील मूळपेशींपासून बेटांसारखे पुंज प्रयोगशाळेत वाढवून दाखविले. मधुमेही उंदरांवर त्यांची परीक्षाही झाली. पुढे डॉ. भोंडे बेंगळुरूस मणिपाल संस्थेच्या पुनरुज्जीवन-वैद्यक विभागात गेले. त्यांची वाट जनुक टोचण्याची नव्हती. पेशीला योग्य परिसर देऊन वळण लावण्याची होती. या वाटेत विषाणूचे वाहन लागत नाही, ही जमेची बाजू लहान नव्हे.

तथापि दोन्ही वाटा एकाच तटाशी येऊन थांबतात. ज्या दलाने जुन्या पेशी मारल्या ते नव्या पेशींनाही सोडीत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात मूळपेशींपासून घडविलेली बेटे पूर्ण मात्रेत मिळालेल्या बारा रोग्यांपैकी दहांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हते. फळ मोठे आहे. पण शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे त्यांना सतत घ्यावी लागतात, म्हणजे सुई गेली आणि संसर्गाचे भय आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार स्वीडनमध्ये एका रोग्याच्या हाताच्या स्नायूत दुसऱ्याच्या बेटांतील पेशी घालण्यात आल्या. त्यांची जनुके आधी अशी बदलली होती की रक्षक-दलाला त्या दिसू नयेत. दडपणारी औषधे न देताही त्या तगल्या व इन्सुलिन देऊ लागल्या. मात्रा अल्प असल्याने रोग्याचे इंजेक्शन मात्र चालूच राहिले. जनुकाचा हा उपयोग वेगळाच म्हणावा लागेल: येथे त्याने पेशी घडविली नाही, लपविली.

मूळपेशींनी मधुमेह कायमचा बरा करण्याच्या जाहिराती वाचणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे की, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांनुसार, अस्थिमज्जारोपणाने बऱ्या होणाऱ्या रक्तविकारांसारखे मान्य अपवाद वगळता, असा उपचार मंजूर परीक्षणाबाहेर करता येत नाही. मधुमेह त्या अपवादांत नाही. अशा आश्वासनावर विसंबून पहिल्या प्रकारच्या रोग्याने इन्सुलिन थांबविले, तर रक्तात आम्ल साचून काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेतते.