'दाऊ' म्हणजे तू : 'किंग लिअर' घरी बसून शिकताना



बारावीनंतर इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलाला भामरागड किंवा एटापल्लीकडच्या गावात बसून शेक्सपिअर वाचायचा असेल, तर पहिली अडचण नेटवर्कची आणि दुसरी 'दाऊ', 'दी', 'दाय' या शब्दांची. पहिलीवर उपाय आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर 'किंग लिअर'चा पूर्ण मजकूर फुकट मिळतो. साध्या मजकुराची ती फाईल मोबाईलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही लहान असते. तालुक्याला गेलं की उतरवून घ्यायची, मग नेटचं कामच नाही.

दुसऱ्या अडचणीला मात्र मुलं उगाच घाबरतात. 'दाऊ म्हणजे जुनं यू' एवढं पाठ करून पुढे जातात आणि नाटक तिथेच हातातून सुटतं. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत हे दोन्ही शब्द चालत. 'यू' म्हणजे साधारण आपलं 'तुम्ही', 'दाऊ' म्हणजे 'तू'. आजच्या इंग्रज मुलाला हा फरक टीप वाचून कळतो. आपल्या मुलाच्या तो कानावर रोज पडतो. आईला तू, गुरुजींना तुम्ही, आणि विठ्ठलाला परत तू! मायेचं तू की अपमानाचं, ते प्रसंगावरून कळतं. 'दाऊ'चंही तसंच.

पहिला प्रवेश घ्या. म्हातारा राजा तीन मुलींत राज्याची वाटणी करतोय आणि कोणाचं प्रेम किती, ते भर दरबारात विचारतोय. धाकटी कॉर्डेलिया गोडगोड बोलत नाही, म्हणून तिला काहीच मिळत नाही. (वाटणीचं भांडण आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.) तेव्हा केंट नावाचा सरदार मध्ये पडतो. हाच केंट प्रवेशाच्या सुरुवातीला ग्लॉस्टरच्या तरुण अनौरस मुलालाही 'यू' म्हणालेला असतो, इतका रीतीचा माणूस. राजाशीही आधी अदबीनंच बोलतो. राजा ऐकत नाही म्हटल्यावर मात्र सगळ्यांसमोर त्याला 'दाऊ' म्हणतो, वर म्हातारा म्हणून हाक मारतो. त्याला हद्दपारी होते. पुढे पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात तो वेश बदलून त्याच राजाकडे चाकरी मागायला येतो, आणि तेव्हा राजाला पुन्हा 'यू' म्हणतो.

मुलाला एवढंच काम द्या: केंटच्या तोंडच्या प्रत्येक 'यू' आणि 'दाऊ'वर खूण करायची, त्याचं बोलणं आपल्या मराठीत म्हणायचं आणि दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायचा. रेंज मिळेल तेव्हा जाईल. घरी गोंडी किंवा माडिया बोलत असतील तर आधी त्या भाषेत म्हणू द्या. सरदार राजावर चिडला तर कसा बोलेल, हे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर जागून पाहिलेल्या मुलांना शिकवावं लागत नाही. उलट आवाज जरा कमी कर म्हणावं लागतं.

विंदा करंदीकरांचं 'राजा लिअर' 1974 साली आलं. वाचनालयात मिळालं तर घेऊन ठेवा, पण मुलाचा मेसेज येईपर्यंत त्याला दाखवू नका. मग दोन्ही शेजारी ठेवून विचारा, केंटच्या तोंडी 'तू' नेमका कुठे यायला हवा, तुझ्याकडे कुठे आला आणि विंदांकडे कुठे.