ड्रॅग शर्यत व कॉर्व्हेट मोटारींच्या पिढ्या

ड्रॅग शर्यत व कॉर्व्हेट मोटारींच्या पिढ्या : स्थिर अवस्थेतून निघून सरळ व सपाट मार्गावरील ठरावीक अंतर कमीत कमी वेळात तोडण्याच्या मोटारगाड्यांच्या स्पर्धेला ‘ड्रॅग शर्यत’ म्हणतात. हे अंतर परंपरेने पाव मैल (सु. ४०२ मी.) असते. वळणे नसल्यामुळे या शर्यतीत मुख्यतः गाडीची प्रवेग घेण्याची क्षमता कसाला लागते. एकाच नावाची क्रीडामोटार अनेक दशके बनविली जात असेल, तर तिच्या निरनिराळ्या पिढ्यांचे पाव मैलाचे आकडे शेजारी मांडून अभियांत्रिकीतील प्रगती मोजण्याचा मोह होतो. तथापि असे आकडे नेमके काय दर्शवितात, हे समजून घेतल्याशिवाय केलेली तुलना फसवी ठरते. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले विभागाची कॉर्व्हेट ही मोटार १९५३ पासून आठ पिढ्यांत निघाली असल्याने या विवेचनास ती विशेष सोयीची आहे.

शर्यतीचे स्वरूप व मापन : दुसऱ्या महायुद्धापूर्वी दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या तळांवर हौशी तरुण आपल्या सुधारलेल्या मोटारी पळवीत असत. युद्धानंतर हा छंद विमानतळांच्या धावपट्ट्यांवर आला. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन करून त्यास नियमबद्ध रूप दिले.

प्रत्येक धावेत दोन राशी मोजतात. प्रारंभरेषेवरील प्रकाशशलाका पुढील चाकाने मोकळी करताच घड्याळ सुरू होते व अंतिम रेषा ओलांडताच थांबते; हा ‘लागलेला वेळ’ होय. मार्गाच्या शेवटच्या ६६ फूट (सु. २० मी.) टप्प्यातील सरासरी वेग हा ‘अंतिम वेग’ मानतात. चाक शलाकेबाहेर पडेपर्यंत गाडी सु. एक फूट सरकलेली असते. तेवढे अंतर कापण्यास लागणारा काळ, सु. ०·३ सेकंद, घड्याळात धरला जात नाही. म्हणून चाक हलताच वेळ मोजून मिळालेल्या आकड्याशी अशा आकड्याची सरळ तुलना करता येत नाही.

यामिकीय तत्त्व : एंजिनाची संपूर्ण शक्ती अखेरपर्यंत चाकांतून रस्त्याला मिळाली आणि हवेचा रोध दुर्लक्षणीय मानला, तर अंतिम वेग हा शक्ती व वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो आणि लागलेला वेळ त्याच घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे वेळ निम्मा करावयाचा असल्यास दर किलोग्रॅममागील शक्ती आठपट करावी लागते.

प्रत्यक्षात सुरुवातीच्या टप्प्यात शक्तीपेक्षा टायरांची पकड मर्यादा घालते. चालक चाकांवर पडणारा भार व टायर-रस्ता यांमधील घर्षण गुणांक यांच्या गुणाकारापेक्षा अधिक प्रेरणा रस्त्याला देता येत नाही. जास्त दिल्यास चाके जागीच फिरतात. या टप्प्यात प्रवेग जवळजवळ स्थिर असतो. यावरून एक उपयुक्त कसोटी मिळते. अंतिम वेग व वेळ यांच्या गुणाकारास अंतराने भागल्यास संपूर्ण धाव स्थिर शक्तीने झाली असता १·५ आणि संपूर्ण धाव स्थिर प्रवेगाने झाली असता २ हे गुणोत्तर येते. हवेचा रोध व गिअर बदलण्यात जाणारा वेळ यांमुळे त्यात थोडा फरक पडतो. तरीही ते १·५ पेक्षा बरेच मोठे असल्यास गाडीच्या शक्तीचा काही भाग प्रारंभी वापरता आला नाही, असे अनुमान काढता येते.

कोष्टक : कॉर्व्हेटच्या काही नमुन्यांची पाव मैलातील कामगिरी

| वर्ष व नमुना | अश्वशक्ती | वेळ (सेकंद) | अंतिम वेग (किमी./तास) | गुणोत्तर |
|---|---|---|---|---|
| १९५३, पहिली पिढी | १५० | १७·९ | १२४ | १·५३ |
| १९७५, तिसरी पिढी | १६५ | १६·१ | १४० | १·५६ |
| २००९, झेडआर१, सहावी पिढी | ६३८ | ११·३ | २११ | १·६५ |
| २०२०, स्टिंगरे, आठवी पिढी | ४९५ | ११·२ | १९५ | १·५१ |
| २०२४, ई-रे, आठवी पिढी | ६५५ | १०·५ | २०९ | १·५२ |
| २०२५, झेडआर१, आठवी पिढी | १,०६४ | ९·६ | २४१ | १·६० |

(पहिल्या दोन ओळींतील वेळ व वेग मोटारविषयक नियतकालिकांच्या चाचण्यांतील असून पुढील निर्मात्याने जाहीर केलेले आहेत.)

पिढ्यांचा आढावा : १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटला सहा सिलिंडरांचे एंजिन व दोन गतींची स्वयंचलित गिअरपेटी होती. १९५५ मध्ये व्ही-८ एंजिन आले. १९५७ मध्ये इंधन अंतःक्षेपणाची जोड मिळून शक्ती २८३ अश्वशक्ती झाली आणि पाव मैलाचा वेळ सु. १४·३ सेकंदांवर आला. दुसऱ्या पिढीत (१९६३–६७) मागील चाकांना स्वतंत्र निलंबन मिळाले. त्या पिढीच्या अखेरीस आलेल्या एल ८८ एंजिनाची शक्ती कंपनीने ४३० अश्वशक्ती अशी मुद्दाम कमी सांगितली होती. प्रत्यक्षात ती ५०० हून अधिक होती.

तिसऱ्या पिढीत (१९६८–८२) आकडे मागे गेले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे निष्कास वायूंवर निर्बंध आले, शिसेविरहित इंधनासाठी संपीडन गुणोत्तर घटविण्यात आले आणि १९७५ मध्ये उत्प्रेरकी परिवर्तक बसविण्यात आला. मात्र यातील काही घट केवळ कागदी होती. १९७१ पर्यंत एंजिनाची शक्ती पंखा, निष्कास नळ्या इ. साहित्य न जोडता मोजीत. १९७२ पासून ते जोडून मोजू लागले. एलटी-१ या एंजिनाची शक्ती १९७१ मध्ये जुन्या पद्धतीने ३३० अश्वशक्ती होती. तीच त्या वर्षी नव्या पद्धतीने २७५ भरत असे. १९७२ साली २५५ हा आकडा छापला गेला. म्हणजे दिसणाऱ्या ७५ अश्वशक्तींच्या घटीपैकी ५५ मापनपद्धतीमुळे व केवळ २० प्रत्यक्ष होत्या. कोष्टकातील १९५३ व १९७५ यांच्या शक्तीची तुलनाही याच कारणाने करता येत नाही. अंतिम वेग पाहता १९७५ ची गाडी १९५३ च्या गाडीपेक्षा स्पष्टपणे सरस होती.

चौथ्या पिढीपासून (१९८४–९६) शक्ती पुन्हा वाढू लागली. पाचव्या पिढीत (१९९७–२००४) गिअरपेटी मागील आसाजवळ नेऊन पुढील व मागील भार जवळजवळ सारखा करण्यात आला. सहाव्या पिढीतील २००९ च्या झेडआर१ या नमुन्यात सुपरचार्जर बसवून ६३८ अश्वशक्ती मिळविण्यात आली.

शक्ती व पकड : या झेडआर१ ची २०२० च्या स्टिंगरेशी केलेली तुलना सर्वांत बोधप्रद आहे. स्टिंगरेची शक्ती १४३ अश्वशक्तींनी कमी आहे व अंतिम वेगही ताशी १६ किमी. कमी आहे, तरीही तिचा वेळ ०·१ सेकंदाने सरस आहे. आठव्या पिढीत एंजिन चालकाच्या पाठीमागे गेले. ही मांडणी कॉर्व्हेटचे प्रख्यात अभियंते झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी अनेक दशकांपूर्वी सुचविली होती. तीमुळे मागील चाकांवरील भार एकूण वजनाच्या सु. ५० टक्क्यांवरून सु. ६० टक्क्यांवर गेला, म्हणजे वापरता येणारी प्रेरणा सु. एक पंचमांशाने वाढली. शिवाय दोन क्लचांच्या स्वयंचलित गिअरपेटीमुळे गिअर बदलताना शक्तीचा ओघ तुटत नाही. २००९ च्या गाडीत हे काम चालकाच्या हातापायांवर अवलंबून होते. गुणोत्तर १·६५ वरून १·५१ वर आले, ते यामुळेच. ई-रे या नमुन्यात पुढील चाके विद्युत् चलित्राने फिरतात. ती २००९ च्या झेडआर१ पेक्षा बरीच जड असून तिचा अंतिम वेग जवळजवळ तितकाच आहे. परंतु चारही चाके चालक असल्याने वेळ ०·८ सेकंदाने कमी झाला.

यावरून असे दिसते, की अंतिम वेग हा मुख्यतः एंजिनाचा व वजनाचा निदर्शक आहे, तर लागलेला वेळ हा त्यांबरोबरच टायर, भारवाटप, गिअरपेटी व चालकाचे कौशल्य यांचाही निदर्शक आहे. २०२५ च्या झेडआर१ चे गुणोत्तर पुन्हा १·६० झाले. १,०६४ अश्वशक्ती केवळ मागील दोन चाकांना पेलत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. त्याच वर्षी जाहीर झालेल्या झेडआर१एक्स या नमुन्यात पुढील चाकांना विद्युत् चलित्र जोडून एकत्रित शक्ती १,२५० अश्वशक्ती करण्यात आली आणि पाव मैलासाठी नऊ सेकंदांहून कमी वेळ सांगण्यात आला.

तुलनेतील दक्षता : उंच ठिकाणच्या विरळ हवेत, तसेच उष्ण हवेत, एंजिनाची शक्ती घटते. शर्यतीच्या मार्गावर चिकट राळयुक्त द्रव्य फवारलेले असते, सामान्य रस्त्यावर ते नसते. जुन्या गाडीस आधुनिक टायर बसविल्यास तिचा वेळ सुधारतो, पण ती सुधारणा मूळ गाडीची नसते. म्हणून पिढ्यांची तुलना करताना वेळ व अंतिम वेग हे दोन्ही आकडे एकत्र पाहावेत आणि मापनाची पद्धत, मार्ग, हवामान व टायर यांचा उल्लेख नसलेल्या एकट्या आकड्यावर निष्कर्ष उभारू नये.