चित्र कोणाचे, लेखक कोणाचा?

विकिपीडियावर पहिल्यांदाच लिहायला आणि फोटो चढवायला बसणाऱ्या माणसाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हा फोटो कोणी काढला आणि त्यावर हक्क कोणाचा? ज्या विषयाबद्दल लिहायचे आहे, त्याच्याशी लिहिणाऱ्याचे नाते काय? पहिल्या प्रश्नातून प्रताधिकाराचे, म्हणजे कॉपीराइटचे नियम निघतात आणि दुसऱ्यातून हितसंबंधांचे. नियमांची पाने लांबलचक असली तरी त्यांचा गाभा थोडक्यात सांगता येतो: जे आपले नाही ते आपले म्हणून सांगू नये, आणि जे आपले आहे ते लपवू नये.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातल्या लेखांत दिसणारी बहुतेक चित्रे मात्र विकिमीडिया कॉमन्स या भांडारातून येतात. सप्टेंबर २००४ पासून चालणाऱ्या या भांडारात एकदा चढवलेला फोटो मराठीसह जगातल्या कोणत्याही भाषेच्या विकिपीडियाला वापरता येतो. दोन्ही ठिकाणी लिहिणारे, फोटो देणारे आणि तपासणारे सगळे स्वयंसेवक असतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद पानाच्या इतिहासात कायम राहते. म्हणूनच नव्या सदस्याची चूक लवकर उघडकीस येते, आणि ती दुरुस्तही करता येते.

हे नियम प्रत्यक्षात कसे लागू पडतात हे पाहायला भंडारा जिल्ह्यातील पवनी हे उत्तम उदाहरण आहे. वैनगंगेकाठच्या या गावात जुना किल्ला आहे, मंदिरे आणि घाट आहेत, विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा पंचमुखी गणेश आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या या कामातून जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. शेजारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे आणि जवळच गोसेखुर्द धरण. लिहिण्यासारखे आणि दाखवण्यासारखे इतके असलेल्या ठिकाणी प्रताधिकाराचे जवळपास सगळे प्रश्न एकेक करून समोर येतात.

हक्क मुळात कोणाचा?

इंटरनेटवर सापडलेला फोटो सर्वांसाठी खुला असतो, हा नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार फोटो काढला गेला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, फोटोवर नाव किंवा खूण असावी लागत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटात आलेला घाटाचा सुंदर फोटो, फेसबुकवर शंभरदा फिरलेले स्तूपाचे चित्र, वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील बातमीचा फोटो, या सगळ्यांचा कोणीतरी धनी असतो. त्याचे नाव माहीत नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही.

सर्वसाधारण नियम असा, की फोटो काढणारा हाच पहिला हक्कदार. कायद्याने याला काही अपवाद केले आहेत. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. एखाद्याने पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतला, तर तसा करार नसताना हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. वृत्तपत्राच्या फोटोग्राफरच्या बाबतीत वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचा फोटोग्राफरचा, अशी विभागणी आहे. एखाद्या संस्थेच्या कपाटात किंवा मोबाइलमध्ये फोटो आहे एवढ्यावरून तो त्या संस्थेचा ठरत नाही. तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या बोलीवर काढला हे पाहावे लागते.

हक्काची मुदतही लांब आहे. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी फोटोवरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकत असे. दुरुस्तीनंतर तो फोटोग्राफरच्या हयातीपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे असा मोजला जातो. १९७० मध्ये वारलेल्या फोटोग्राफरने हयातीत प्रसिद्ध केलेल्या कामावरील हक्क २०३० अखेर संपतो. सरकारी कामांसाठी प्रसिद्धीनंतरची ६० वर्षे ही मोजणी कायम आहे.

दगड जुना, फोटो नवा

पवनीच्या उत्खननाचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील छायाचित्रे पवनीवरील लेखाला शोभून दिसतील यात शंका नाही. पण कोणत्याही हिशेबाने पाहिले तरी २०३२ संपण्यापूर्वी ती मुक्त होत नाहीत. शिल्प दोन हजार वर्षांपूर्वीचे असले तरी त्याचा फोटो पन्नास वर्षांपूर्वीचाच आहे. शिल्पावर आज कोणाचा प्रताधिकार उरलेला नाही, पण त्रिमितीय वस्तूचा फोटो काढताना कोन, प्रकाश आणि चौकट कोणीतरी निवडलेली असते आणि त्या निवडीला स्वतंत्र हक्क मिळतो. जुन्या चित्राची किंवा हस्तलिखिताच्या पानाची हुबेहूब सपाट नक्कल असेल तर कॉमन्सवर असा नवा हक्क मानला जात नाही. शिल्पाला मात्र ही सवलत नाही.

यावर उपाय सोपा आहे. पवनीत राहणाऱ्याने टेकडीवर जाऊन स्वतः फोटो काढावा. त्याचा हक्क त्याचाच असतो, आणि तो हवा तसा देण्याची मुभाही त्याचीच. अहवालातील माहिती स्वतःच्या शब्दांत मांडून अहवालाचा संदर्भ देता येतो, कारण प्रताधिकार मांडणीवर असतो, वस्तुस्थितीवर नसतो.

नव्या वास्तूंच्या बाबतीत भारतीय कायदा उदार आहे. पवनीजवळ रुयाड येथे असलेला महासमाधिभूमी स्तूप अलीकडच्या काळातील आहे. तरीही त्याचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो, कारण कलम ५२ नुसार वास्तूचा फोटो प्रसिद्ध केल्याने हक्कभंग होत नाही. चौकात कायमचा बसवलेला पुतळाही या सवलतीत येतो. भिंतीवर रंगवलेले आधुनिक चित्र, निवडणुकीचा फलक किंवा माहितीफलकावरील छापील छायाचित्र यांना ती मिळत नाही. घाटाच्या दृश्यात कोपऱ्यात फलक आला तर हरकत नसते, पण फलकच मुख्य विषय असलेला फोटो स्वीकारला जात नाही.

नकाशाचाही प्रश्न येतो. गूगल मॅप्सचे पडदाचित्र काढून पवनी तालुक्याचा नकाशा म्हणून चढवता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला नकाशा मात्र श्रेय देऊन वापरता येतो. वाघांच्या फोटोंनाही तोच नियम. अभयारण्यातील ‘जय’ हा वाघ देशभर गाजला आणि त्याची असंख्य छायाचित्रे फिरली, पण प्रत्येक छायाचित्र ते टिपणाऱ्याचे आहे.

परवाना म्हणजे काय देणे

कॉमन्सवर फोटो चढवताना परवाना निवडावा लागतो. तेथे प्रामुख्याने क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वापरले जातात. ‘सीसी बाय’ या परवान्यात श्रेय देण्याची अट असते. ‘सीसी बाय-एसए’ मध्ये श्रेयाबरोबरच, बदल करून बनवलेले काम त्याच परवान्याखाली देण्याची अट असते. ‘सीसी झिरो’ मध्ये सर्व हक्क सोडून दिले जातात. ‘व्यापारी वापर नको’ किंवा ‘बदल नको’ अशी अट असलेले परवाने कॉमन्स स्वीकारत नाही.

याचा अर्थ चढवणाऱ्याने आधीच समजून घ्यायला हवा. वैनगंगेवरील सूर्योदयाचा फोटो एकदा मुक्त परवान्याखाली दिला की एखादा कॅलेंडर छापणाराही तो श्रेय देऊन वापरू शकतो, विकू शकतो, आणि दिलेला परवाना नंतर मागे घेता येत नाही. प्रताधिकार मात्र फोटोग्राफरकडेच राहतो. ज्याला ही अट मान्य नसेल त्याने तो विशिष्ट फोटो न देणे हेच योग्य.

संस्थाही असे दान करू शकतात. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला कोंकणी विश्वकोश ‘सीसी बाय-एसए’ परवान्याखाली खुला केला. एखाद्या ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने आपल्या मालकीचे जुने फोटो असेच दिले, तर गावाचा इतिहास सर्वांसाठी खुला होतो.

फोटो हटवला जातो तेव्हा

चढवताना ‘हे माझे स्वतःचे काम आहे’ असा पर्याय येतो. बहुतेक चुका येथेच होतात. आल्बममधला जुना फोटो स्कॅन करणे, पुस्तकातील पानाचा मोबाइलवर फोटो काढणे किंवा संकेतस्थळावरून चित्र उतरवून घेणे यांतून ते काम स्वतःचे होत नाही. तपासणारे स्वयंसेवक चित्राचा लहान आकार, त्यात कॅमेऱ्याची तांत्रिक माहिती आहे का, आणि तेच चित्र आधी कोठे प्रसिद्ध झाले आहे का, हे पाहतात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याची माहिती सहसा उरत नाही. म्हणून स्वतः काढलेला फोटोही मूळ आकारात, थेट कॅमेऱ्यातून घेऊन चढवावा.

उघड नक्कल असेल तर ती लगेच हटवली जाते. स्रोत किंवा परवानगी नोंदवलेली नसेल तर सात दिवसांची मुदत देणारी सूचना लागते. शंका असेल तर चर्चा उघडली जाते. अशी सूचना म्हणजे अपमान नव्हे. मुदतीत उत्तर देणे, स्रोत लिहिणे किंवा चूक झाली असेल तर तसे सांगणे पुरेसे असते. हटवलेली संचिका पुन्हा पुन्हा चढवली तर मात्र खात्यावर बंदी येऊ शकते.

फोटो दुसऱ्याचा असून ती व्यक्ती तो द्यायला तयार असेल तर तोंडी ‘हो’ चालत नाही. हक्कदाराने कोणता फोटो, कोणत्या परवान्याखाली देत आहोत हे स्पष्ट लिहून ई-मेल करावा लागतो. परवानग्या तपासणारा स्वयंसेवकांचा वेगळा गट तो ई-मेल पाहतो आणि संचिकेवर तशी नोंद करतो. ‘विकिपीडियासाठी वापरा’ एवढी परवानगी अपुरी ठरते, कारण परवाना सर्वांसाठी असावा लागतो. परवानगी उशिरा आली तरी हटवलेली संचिका परत आणता येते.

लिहिणारा विषयाचा कोण लागतो?

हितसंबंधांचा नियम याच प्रामाणिकपणाची दुसरी बाजू आहे. स्वतःबद्दल, नातेवाइकांबद्दल, आपल्या नोकरीच्या संस्थेबद्दल, व्यवसायाबद्दल किंवा पक्षाबद्दल लिहिणे म्हणजे हितसंबंध असलेले लेखन. पवनीचा रहिवासी पवनीबद्दल लिहितो यात आक्षेपार्ह काही नाही. गावाबद्दलच्या जिव्हाळ्यामुळेच असे लेख उभे राहतात. पण नगरपरिषदेचा पदाधिकारी नगरपरिषदेच्या कामगिरीबद्दल, मंदिराचा विश्वस्त त्या मंदिराबद्दल, शिक्षक आपल्या शाळेबद्दल किंवा रिसॉर्टचा मालक अभयारण्याच्या लेखात आपल्या रिसॉर्टबद्दल लिहू लागला की नाते बदलते. त्याचे लेखन खोटे असेलच असे नाही. मात्र काय सांगायचे आणि काय गाळायचे याची निवड त्याच्या हिताकडे झुकण्याचा धोका असतो आणि वाचकाला ते कळायला मार्ग नसतो.

मोबदला घेऊन लिहिणाऱ्यांसाठी नियम अधिक कडक आहे. विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींत २०१४ पासून असे बंधन आहे, की मालक कोण, काम कोणासाठी आणि त्यांच्याशी संबंध काय हे जाहीर करावे. ही नोंद सदस्यपानावर, लेखाच्या चर्चापानावर किंवा संपादनाच्या सारांशात करता येते. जनसंपर्काचे काम म्हणून संस्थेचा लेख सांभाळणारा पगारी कर्मचारीही यात येतो.

असे बंधन का हवे हे पुढच्याच वर्षीच्या एका घटनेवरून कळते. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एकमेकांशी जोडलेली ३८१ खाती बंद करण्यात आली. पैसे घेऊन, ते लपवून लेख लिहिणाऱ्या या जाळ्याने छोट्या व्यावसायिकांना आणि कलावंतांना गाठले होते, आणि लेख टिकवायचा असेल तर आणखी पैसे द्या अशी मागणीही केली जात होती. लपवलेल्या नात्यात केवळ वाचकच नव्हे, ज्याच्याबद्दल लेख असतो तोही फसतो.

नाते असलेल्याने काय करावे?

हितसंबंध असलेल्याला दार बंद नाही. त्याने आपले नाते सदस्यपानावर साध्या शब्दांत लिहावे. खरे नाव सांगण्याची सक्ती नाही. ‘या संस्थेत नोकरीला आहे’ एवढे पुरते. शुद्धलेखन सुधारणे किंवा कोणी केलेली उघड नासधूस दूर करणे यांसारखे बदल तो स्वतः करू शकतो. बाकीची भर त्याने लेखाच्या चर्चापानावर सुचवावी: कोणते वाक्य बदलावे, काय लिहावे, आणि त्याला स्वतंत्र स्रोत कोणता. संस्थेची पत्रिका हा स्वतंत्र स्रोत नव्हे. वृत्तपत्र, ग्रंथ, शासकीय अहवाल किंवा संशोधनलेख चालतो. निर्णय ज्याचा संबंध नाही अशा संपादकाने घ्यावा. मराठी विकिपीडियावर लवकर उत्तर आले नाही, तर चावडी या सामाईक चर्चेच्या पानावर विचारता येते.

इतरांनीही एक मर्यादा पाळायची असते. लहान गावात कोणते खाते कोणाचे हे ओळखणे सोपे असते. पण दुसऱ्याचे खरे नाव, नोकरी किंवा पत्ता त्याच्या इच्छेविरुद्ध जाहीर करणे विकिपीडियावर निषिद्ध आहे. आक्षेप लेखनावर घ्यावा. तसेच एक खाते एकाच व्यक्तीचे असावे. कार्यालयातील पाच जणांनी मिळून एक खाते वापरणे चालत नाही.

दोन्ही नियम एकत्र येतात ते संस्थेच्या फोटोंपाशी. महाविद्यालयाचा कर्मचारी आपल्या इमारतीचा फोटो चढवतो तेव्हा हक्क महाविद्यालयाचा असल्यास अधिकृत ई-मेलवरून परवानगी हवी, आणि तो फोटो लेखात घालण्यापूर्वी नात्याची नोंद हवी. फोटोचे वर्णनही तटस्थ असावे: इमारत कोणती, कोठे, केव्हा टिपली. ‘भव्य’, ‘नामांकित’, ‘अग्रगण्य’ ही विशेषणे तेथे नकोत. एवढे पाळले की संस्थेचा स्वतःचा फोटोही लेखाला उपयोगी पडतो, आणि तो कोठून आला हे वाचकाला उघडपणे दिसते.