संकरित गाय वारंवार उलटते? आधी गोठ्यातली चूक शोधा

दुधाच्या धंद्यात असलेल्या आपल्या बंधूंची एक तक्रार नेहमी ऐकू येते: "गाय दूध देते, पण गाभण राहत नाही." मग दोष जातीवर जातो आणि जर्सी किंवा होल्स्टीन पडेल भावात विकली जाते. तक्रारीत थोडे तथ्य आहे. विदेशी रक्त फार वाढले की गाईला आपला उन्हाळा सोसत नाही. म्हणून साधारण 50 ते 62 टक्के विदेशी रक्त योग्य मानतात. पण बहुतेक नुकसान गोठ्यातच होते.

गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला आणि चारा-पेंडीला रोज 150 रुपये धरले, तर 3,150 रुपये गेले. हा भुर्दंड वेताच्या शेवटी, दूध आटल्यावर अंगावर येतो, म्हणून वेळीच कळत नाही. दुकानात माल पडून राहिला तर आपल्याला झोप लागत नाही. रिकाम्या गाईचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही!

माज 12 ते 18 तास टिकतो, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि पुष्कळदा रात्री किंवा पहाटे. दुपारी गोठ्यात चक्कर मारणाऱ्याला तो दिसणार कसा? सकाळ-संध्याकाळ गाई मोकळ्या सोडून पाहा. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी स्थिर उभी राहते, ती माजावर आहे. काचेसारखा सोट ही दुसरी खूण. स्त्रीबीज माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी सुटते, म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट पुवासारखा असेल तर भरवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरी चूक खुराकाची. व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढते, खाणे मागे पडते. गाय अंगातली चरबी जाळून दूध देते, वाळते आणि माज दाखवत नाही. अशा वेळी इंजेक्शनचा आग्रह धरण्याआधी पेंड, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण पाहा.

व्यायल्यावर 60 दिवस थांबून 90 दिवसांच्या आत गाय गाभण राहिली, तर वर्षाला एक वेत पदरात पडते. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीनदा भरवूनही उलटली तर तपासणी करून घ्या. बाजारात "गाभण" म्हणून गाय घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. भरवल्याची तारीख विचारा आणि डॉक्टरांकडून तपासूनच पैसे मोजा.