संगणक सुरू होत नाही : दोष मदरबोर्डचाच असतो काय?

ग्रामपंचायतीच्या कचेरीत किंवा शाळेत एखाद्या सकाळी संगणकाचे बटण दाबावे आणि पडदा काळाच राहावा, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ असा निर्वाळा चटकन दिला जातो आणि यंत्र निर्लेखनाच्या यादीत जाऊन बसते. वास्तविक मदरबोर्ड हा संशयितांमध्ये शेवटचा असावयास हवा. तो बदलणे खर्चाचे असते. शिवाय त्याच्यातील दोष सहसा थेट दाखविता येत नाही, इतर भाग निर्दोष ठरल्यावरच तो सिद्ध होतो.

बटण दाबताच काय घडते, हे ध्यानात घेतल्यास शोध सोपा होतो. संगणकाचे बटण दिव्याच्या बटणाप्रमाणे वीज जोडत नाही; ते मदरबोर्डला केवळ इशारा देते. हा इशारा ओळखता यावा म्हणून, भिंतीवरील स्विच चालू असेपर्यंत, एसएमपीएस या वीजपेटीतून 5 व्होल्टचा अल्पसा पुरवठा मदरबोर्डला सतत मिळत असतो. इशारा मिळताच मदरबोर्ड वीजपेटीला जागे करतो. ती 12, 5 व 3.3 व्होल्टचे पुरवठे सुरू करते आणि ते स्थिर झाल्याचा संकेत परत पाठविते. त्यानंतरच प्रोसेसर बायोसमधील आज्ञा वाचू लागतो आणि प्रथम रॅम, मग चित्र दाखविणारा भाग तपासतो. ही साखळी जेथे तुटते तेथे यंत्र थांबते.

म्हणून पहिला प्रश्न असा : पंखा फिरतो की नाही?

पंखा मुळीच फिरत नसेल तर भिंतीवरील सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड आणि वीजपेटीच्या पाठीमागील छोटा स्विच पाहावा. झाडलोटीच्या वेळी तो स्विच बंद झाल्याने अख्खा दिवस वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर बटणाचा संशय घ्यावा. बटणाच्या दोन तारा मदरबोर्डवर ज्या पिनांना जोडलेल्या असतात, त्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकविल्यावर यंत्र सुरू झाले, तर दोष बटणाचा होय. तसे न झाल्यास दुसरी चांगली वीजपेटी लावून पाहावी. मल्टिमीटर असल्यास, यंत्र चालू असताना 12 व्होल्टचा पुरवठा 11.4 ते 12.6 या मर्यादेत मिळावयास हवा. वीजपेटी मात्र कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, ही तक्रार अधिक आढळते. मॉनिटरची तार सैल नाही ना आणि ती योग्य ठिकाणी जोडली आहे ना, हे आधी पाहावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास तार त्याच कार्डाला जोडलेली हवी. प्रोसेसरला वीज देणारी 4 किंवा 8 पिनांची जोडणीही निसटलेली नाही याची खात्री करावी. यानंतर रॅमकडे वळावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात दीर्घकाळ बंद राहिलेल्या यंत्रात, रॅमच्या पट्टीवरील संपर्कबिंदूंवर मळाचा पातळ थर बसतो आणि रॅम ओळखली जात नाही. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थितिक वीज घालवावी, पट्टी काढून तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावी, भुगा झटकावा आणि दोन्ही टोकांच्या खटक्या बसेपर्यंत पट्टी पुन्हा दाबावी. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. या साध्या उपायाने जिवंत होणारी यंत्रे थोडी नाहीत.

येथे एक उपयुक्त कसोटी आहे. सर्व रॅम काढून यंत्र सुरू करावे. त्यावर ‘बीप’ असा तक्रारीचा आवाज आला, तर प्रोसेसर, बायोस आणि मदरबोर्डचा बराच भाग कार्यरत आहे, असे समजावे. बीपांची संख्या व लांबी यांचा अर्थ बायोसच्या निर्मात्यानुसार बदलतो. मात्र यासाठी मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असावा लागतो. अनेक कॅबिनेटांत तो नसतोच. तेथील शांततेवरून काहीही सिद्ध होत नाही.

तारीख-वेळ वारंवार चुकत असेल तर 3 व्होल्टचा सीआर 2032 हा सेल बदलावा. प्लग काढून हा सेल काही मिनिटे बाहेर ठेवल्यास बिघडलेली मांडणीही बहुधा पूर्ववत होते. डोळ्यांना दिसणारा दोष म्हणजे फुगलेले कपॅसिटर. 2000 सालानंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांत हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळला होता.

एवढ्यानेही यश न आल्यास मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून लाकडी टेबलावर ठेवावा आणि केवळ प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम व चांगली वीजपेटी जोडून पाहावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय चित्र मिळत नसेल तर तेही जोडावे. बाहेर चालला तर कॅबिनेटमधील एखादा चुकीच्या जागी बसविलेला पितळी खुंट त्याला खालून टेकत असावा. तरीही तो निश्चल राहिला तर संशय मदरबोर्ड व प्रोसेसर या दोघांवरच उरतो, आणि दुसरा जुळणारा प्रोसेसर लावून त्याचा निकाल लागतो.

मदरबोर्ड खरोखर निकामी ठरला तरी जन्म-मृत्यूच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांचे निकाल त्याच्यात नसतात. ते हार्ड डिस्कवर असतात. ती दुसऱ्या संगणकाला जोडून बहुधा वाचता येते. माहिती कूटबद्ध केलेली असल्यास तिची किल्ली मात्र हाताशी हवी. म्हणून यंत्र निर्लेखित करण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि तशी नोंद साठा नोंदवहीत करावी.